ध्रुवीय रात्रीचा ताळेबंद

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे गाव. कापूस, मका, मिरची ही या भागातील शिवाराची पिके आणि पाऊस हा तेथील संसाराचा आधार. अंटार्क्टिकावरील भारताचे ‘मैत्री’ हे केंद्र या गावापासून सुमारे ११ हजार किलोमीटर दूर आहे. तेथे जून-जुलैच्या सुमारास कित्येक आठवडे सूर्याचे दर्शन होत नाही. त्या काळोखात, जमिनीपासून १५ ते २५ किलोमीटर उंचीवर, ओझोन नावाच्या वायूचे काय होते याची नोंद ठेवण्यासाठी गेली पाच दशके उपग्रह फिरविले जात आहेत आणि त्यावर प्रचंड पैसा खर्ची पडत आहे. विहिरीला पाणी नसलेल्या माणसाने या खर्चाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो उडवून लावण्याजोगा नाही.

या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या अनुभवातच सापडते. पीक बुडाले हे शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसते. पण अनेक वर्षे आणेवारी पन्नास पैशांच्या खाली आल्याशिवाय शासनाच्या लेखी दुष्काळ पडत नसे. पाऊस पडला की नाही हे गावाला ठाऊक असते. पण निर्णय होतो तो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून. सार्वजनिक व्यवहारात जे मोजले जात नाही ते अस्तित्वातच नसते, आणि जे चुकीचे मोजले जाते त्याच्यावर चुकीचे निर्णय उभे राहतात. ओझोनची कथा ही मुख्यतः अशाच मोजमापाची कथा आहे, आणि तिचा पुढचा अध्याय आज संकटात आहे.

अडीच मिलिमीटरचे छत्र

ओझोनचे प्रमाण डॉब्सन एककात मोजतात. एखाद्या ठिकाणच्या आकाशातील सर्व ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणि शून्य अंश तपमानात पसरला, तर जितका थर होईल त्याच्या एका मिलिमीटरला १०० एकके मानतात. धावडा ज्या अक्षांशात आहे तेथे हे प्रमाण ढोबळमानाने २४० ते २९० एकके, म्हणजे अडीच-पावणेतीन मिलिमीटर एवढेच असते. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक भाग अडविणारे छत्र एवढे पातळ आहे. उष्ण कटिबंधात ते निसर्गतःच विरळ आणि सूर्य निसर्गतःच प्रखर. तेव्हा ते आणखी विरळ होऊ न देण्यात दिवसभर उघड्यावर राबणाऱ्याचा स्वार्थ सर्वांत मोठा आहे.

अंटार्क्टिकावरील ओझोनचे भोक काही महाराष्ट्रावर येऊन थांबत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु ज्या वायूंमुळे ते पडते ते वायू जगभरच्या शीतकपाटांतून, वातानुकूलन यंत्रांतून आणि फेसाच्या कारखान्यांतून वर गेलेले असतात आणि सर्व पृथ्वीवर सारखे पसरतात. ध्रुव हा या रोगाचा सर्वांत संवेदनक्षम अवयव होय. नाडी तेथे लागते. रोग साऱ्या देहाचा असतो.

अंधारातील अडचण

शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ साली क्लोरोफ्लुओरोकार्बन वायूंचा धोका सांगितला तेव्हा तो कागदावरचा सिद्धान्त होता. १९८५ च्या मे महिन्यात जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी हॅली येथील नोंदी प्रसिद्ध केल्या. पूर्वी ऑक्टोबर महिन्यात तेथे सरासरी ३०० एककांच्या आसपास असणारा ओझोन १९८४ सालापर्यंत २०० च्या खाली आला होता. ही नोंद जमिनीवर उभ्या असलेल्या डॉब्सन यंत्राने केलेली होती.

मग १९७८ च्या ऑक्टोबरात सोडलेल्या ‘निंबस-७’ या अमेरिकन उपग्रहाने काय पाहिले? संगणकाने ते आकडे फेकून दिले, अशी दंतकथा पुष्कळ काळ प्रचलित होती. वस्तुस्थिती थोडी वेगळी, परंतु अधिक उद्बोधक आहे. १८० एककांखालचा प्रत्येक आकडा ‘संशयास्पद’ म्हणून वेगळा काढण्याचा नियम होता. तो पुसला जात नव्हता. असे आकडे दक्षिण ध्रुवाभोवती दाटून आलेले तज्ज्ञांना दिसले, तेव्हा त्यांनी ते दक्षिण ध्रुवावरील केंद्राच्या नोंदींशी ताडून पाहिले. तेथील आकडे ३०० च्या घरात होते. मागाहून निष्पन्न झाले की, चूक उपग्रहाची नव्हती, जमिनीवरील त्या नोंदींचीच होती. पी. के. भारतिया या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष १९८५ च्या ऑगस्टमध्ये प्राग येथील परिषदेत मांडले आणि भोक हॅलीपुरते मर्यादित नसून साऱ्या खंडावर पसरले आहे हे जगाने प्रथमच नकाशावर पाहिले. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग कायम लक्षात ठेवावा. अपेक्षेबाहेरचा आकडा हा नेहमी दोषच असतो असे नाही. कधी कधी तीच बातमी असते.

परंतु ‘निंबस-७’ च्या यंत्राला एक मूलभूत मर्यादा होती. वातावरणातून परत फिरणाऱ्या सूर्याच्या अतिनील प्रकाशावर ते चाले. सूर्य नसेल तेथे ते आंधळे. म्हणून त्याच्या नकाशांत हिवाळ्यात ध्रुवाच्या जागी एक काळे वर्तुळ दिसे. आणि नेमक्या त्या वर्तुळात विनाशाची सारी पूर्वतयारी चालते. ध्रुवीय रात्रीत थंड हवेचा एक प्रचंड भोवरा बनतो. तपमान उणे ७८ अंशांच्या खाली उतरले की त्यात विशिष्ट प्रकारचे मेघ तयार होतात आणि त्या मेघकणांच्या पृष्ठभागावर क्लोरिनची निरुपद्रवी संयुगे उपद्रवी रूप धारण करतात. मग सूर्याची पहिली किरणे येताच ओझोनचा संहार सुरू होतो. म्हणजे गुन्ह्याची सिद्धता अंधारात आणि पंचनामा उजेडात, अशी स्थिती होती.

ही उणीव दुसऱ्या जातीच्या यंत्रांनी भरून काढली. वातावरणातील ओझोनसारखे अनेक रेणू स्वतःच्या उष्णतेमुळे सूक्ष्मतरंग प्रक्षेपित करीत असतात. त्याला रात्र-दिवसाचे बंधन नसते. पृथ्वीच्या कडेकडे तिरप्या नजरेने पाहून हे तरंग टिपणारे यंत्र १९९१ साली अवकाशात गेले, आणि त्याची सुधारलेली आवृत्ती २००४ च्या जुलैमध्ये ‘ऑरा’ या उपग्रहावर बसविण्यात आली. दिवसाकाठी सुमारे ३,५०० ठिकाणी, दोन्ही गोलार्धांत ८२ अंश अक्षांशांपर्यंत, ओझोन कोणत्या उंचीवर किती आहे हे तिने नोंदविले. आणि त्याच वेळी क्लोरिन मोनॉक्साइड, हायड्रोजन क्लोराइड, नायट्रिक आम्ल, बाष्प आणि तपमान यांचीही नोंद केली. चोर आणि चोरीचा माल एकाच वेळी दिसू लागले.

कणगीचा हिशेब

तरीही ओझोन किती नष्ट झाला हे सांगणे वाटते तेवढे सोपे नाही. शेतकऱ्याच्या कणगीचे उदाहरण घ्यावे. दिवाळीला कणगीत दहा पोती ज्वारी होती आणि होळीला सात उरली, एवढ्यावरून उंदरांनी तीन पोती खाल्ली असा निष्कर्ष काढता येत नाही. मध्यंतरी दोन पोती भर पडली असेल, तर नुकसान पाच पोत्यांचे असते. ध्रुवीय भोवऱ्यात हिवाळाभर वरची, ओझोनने समृद्ध हवा खाली उतरत असते. त्यामुळे रसायनांनी केलेली हानी आणि वाऱ्याने घातलेली भर या दोहोंची बेरीज-वजाबाकी होऊन शेवटचा आकडा हाती येतो.

हा गुंता सोडविण्यासाठी नायट्रस ऑक्साइडसारख्या वायूचा उपयोग करतात. तो हिवाळ्यात रासायनिकदृष्ट्या फारसा बदलत नाही. म्हणून हवा कोठून उतरली याची ती खूण ठरते. जणू कणगीतील धान्यात मिसळलेले रंगीत दाणे! केवळ वाऱ्यांच्या आधारे ओझोन किती असावयास हवा होता याचे गणित मांडावयाचे, प्रत्यक्षातील आकडा त्यातून वजा करावयाचा, आणि उरेल ती रासायनिक हानी. अर्थशास्त्रात चालू किंमतीतील वाढीतून भाववाढीचा भाग काढून खरी वाढ शोधतात, त्यातलाच हा प्रकार.

या पद्धतीचे फळ मोठे आहे. २०११ च्या प्रारंभी उत्तर ध्रुवावर, १८ ते २० किलोमीटर उंचीवर, ८० टक्क्यांहून अधिक ओझोन नष्ट झाल्याचे तिने दाखविले. उत्तरेकडे असे होणार नाही हा समज त्यामुळे गळून पडला. दुसरीकडे, सुसान स्ट्रॅहन आणि अ‍ॅन डग्लस यांनी ‘ऑरा’च्या नोंदी तपासून २०१८ साली दाखवून दिले की, २००५ ते २०१६ या काळात अंटार्क्टिकावरील हिवाळ्यातील हानी सुमारे २० टक्क्यांनी घटली, आणि तिचे कारण क्लोरिनचे घटते प्रमाण हेच आहे. आंतरराष्ट्रीय कराराचा गुण येत आहे याचा हा थेट पुरावा होता. नुसते भोकाचे आकारमान पाहणाऱ्याची येथे फसगत होते. २००० च्या सप्टेंबरात ते भारताच्या क्षेत्रफळाच्या नऊपट झाले होते. २०१९ साली ते कित्येक दशकांतील सर्वांत लहान ठरले. पण २०१९ चे श्रेय ध्रुवावरील हवेच्या अवचित उबदारपणाला होते. क्लोरिन काही एका वर्षात नाहीसा झाला नव्हता. एका चांगल्या पावसाने सिंचनाचा प्रश्न सुटला असे कोणी मानू नये, तसेच हे आहे.

महाराष्ट्रातील परंपरा

हे सारे परक्यांचे शास्त्र आहे असेही समजण्याचे कारण नाही. के. आर. रामनाथन यांनी भारतीय हवामान खात्यात दीर्घकाळ सेवा केली आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून काम पाहिले. त्यांनी आर. व्ही. करंदीकर यांच्यासह १९४९ साली कमी अक्षांशांतील ओझोनच्या उंचीनुसार वाटणीवर निबंध प्रसिद्ध केला. सूर्य क्षितिजाजवळ असताना माथ्यावरच्या आकाशाचा प्रकाश कसा बदलतो, यावरून कोणत्या थरात किती ओझोन आहे हे काढण्याची ती रीत होती. रामनाथन यांचेच सहकारी जे. व्ही. दवे पुढे अमेरिकेत गेले आणि १९६७ साली कार्ल्टन मॅटीर यांच्यासह त्यांनी उपग्रहावरून एकूण ओझोन मोजण्याची शक्यता तपासणारा निबंध लिहिला. ‘निंबस’ मालिकेतील यंत्रांच्या गणिताची पाळेमुळे त्या निबंधात आहेत.

इकडे पुण्याच्या हवामान कार्यालयात अ‍ॅना मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात भारतीय बनावटीचे ओझोनमापक तयार केले. फुग्याला बांधून वर सोडावयाचे हे लहानसे उपकरण परदेशी चलनाच्या टंचाईच्या काळात देशात बनले. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरमच्या आकाशातून ते नियमाने वर गेले, आणि पुढे अंटार्क्टिकावरील भारतीय केंद्रांतूनही सोडले गेले. फुग्याचे मोजमाप एका जागेपुरते, पण बारकाईचे. उपग्रहाचे मोजमाप जगभराचे, पण दुरून केलेले. एकाने दुसऱ्याची परीक्षा घ्यावी लागते. दक्षिण ध्रुवावरील त्या चुकीच्या नोंदींनी हेच शिकविले होते. आज ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्को येथे आहे आणि उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था पुण्यात. म्हणजे या विद्येची दोन प्रमुख भारतीय ठाणी मराठी माणसाच्या अंगणातच आहेत.

करार आणि तपासणी

१६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे झालेला करार हा आंतरराष्ट्रीय सहकार्याचा आदर्श मानला जातो, आणि ते योग्यच आहे. त्याचे यश मात्र सद्भावनेवर उभे राहिलेले नाही. दरडोई वापर ०.३ किलोपेक्षा कमी असलेल्या विकसनशील देशांना त्याने दहा वर्षांची सवलत दिली. १९९० साली लंडन येथे, भारत व चीन यांच्या आग्रहानंतर, श्रीमंत राष्ट्रांच्या वर्गणीतून एक निधी उभारण्याचे ठरले. ज्यांनी छत्र फाडले त्यांनी शिवणावळ द्यावी, हे तत्त्व मान्य झाल्यावरच भारत १९९२ च्या जूनमध्ये करारात सामील झाला. आणि १ ऑगस्ट २००८ रोजी, मुदतीच्या सतरा महिने अगोदर, दम्याच्या फवाऱ्यांसारखा औषधी अपवाद वगळता भारताने क्लोरोफ्लुओरोकार्बनचे उत्पादन थांबविले. पॅरिसमधून विकसनशील देशांना या कामी साहाय्य करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विभागाचे नेतृत्व राजेंद्र शेंडे या मराठी तंत्रज्ञाने अनेक वर्षे केले, हेही नमूद करण्याजोगे आहे. तालुक्याच्या गावी शीतकपाट दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हातातील वायूची टाकी बदलली ती या साखळीमुळे. पुढे ‘आर-२२’ हाही वायू नव्या यंत्रांतून हद्दपार करण्याचे ठरले. ध्रुवावरील आकडा आणि भोकरदनच्या बाजारातील दुरुस्तीचा खर्च यांच्यात असा सरळ संबंध आहे.

पण करार झाला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही. २०१८ साली असे आढळले की, जगात ज्याचे उत्पादन २०१० पासून बंद असावयास हवे होते त्या ‘सीएफसी-११’ चे उत्सर्जन २०१२ नंतर दरसाल सुमारे १३ हजार टनांनी वाढले आहे. पुढच्याच वर्षी जमिनीवरील केंद्रांच्या नोंदींवरून त्यातील मोठा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचे सिद्ध झाले. आणि बोभाटा झाल्यावर उत्सर्जन पुन्हा खाली आले. मोजणारे कोणी नसते तर फुकट्यांचा फायदा झाला असता आणि प्रामाणिक राष्ट्रांनी नाहक किंमत मोजली असती. लेखापरीक्षणावाचून सहकारी संस्थेचे काय होते, हे महाराष्ट्राला सांगण्याची आवश्यकता नाही.

रिकामी होणारी जागा

येथेच आजची चिंता सुरू होते. पाच वर्षांच्या आयुष्याच्या अपेक्षेने सोडलेल्या ‘ऑरा’ने वीस वर्षांहून अधिक सेवा दिली, यंत्राचे आयुष्य अमर्याद नसते. युरोपचा ‘एन्व्हिसॅट’ २०१२ च्या एप्रिलमध्ये अकस्मात मुका झाला. सूर्यप्रकाशाच्या आधारे ओझोन पाहणारी यंत्रे नव्या उपग्रहांवर आहेत. परंतु अंधारात पाहणारी आणि त्याच नजरेने क्लोरिनही मोजणारी व्यवस्था ‘ऑरा’च्या तोडीची दुसरी उभी राहिलेली नाही. जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या २०२२ च्या आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर यावयास सुमारे २०६६ साल उजाडेल. रोग्याची प्रकृती सुधारत असताना आणि अजून चार दशकांचे पथ्य बाकी असताना तपासणी बंद करणे, हा शहाणपणा नव्हे.

शिवाय निसर्ग नवे प्रश्न घालतच असतो. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळच्या समुद्रतळावरील ज्वालामुखीने सुमारे १४ कोटी ६० लाख टन पाण्याची वाफ उंच वातावरणात फेकली. असे काही होईल याचा आराखडा कोणत्याही करारात नव्हता. ‘ऑरा’ वर होता म्हणून ती मोजता आली.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशी मोजमापे ही सार्वजनिक वस्तू होत. त्यांचा लाभ कोणालाही नाकारता येत नाही. म्हणूनच त्यांचा भार उचलावयास कोणी पुढे येत नाही. ‘ऑरा’च्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या राहिल्या, जालन्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थीही त्या वापरू शकतो. भार मात्र मूठभर श्रीमंत राष्ट्रांनी वाहिला, आणि त्यांच्या अंदाजपत्रकातील कात्री ही साऱ्या जगाची अडचण बनली. भारताच्या ‘इन्सॅट-३ डी’ने २०१३ पासून आपल्या प्रदेशावरील ओझोनचे अंदाज दिले खरे, परंतु विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंचीवर स्थिर असणाऱ्या उपग्रहाला ध्रुव दिसत नाहीत. ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेत उपग्रह सोडण्याचे कौशल्य भारताजवळ कित्येक वर्षांपासून आहे. अंटार्क्टिकावर दोन केंद्रे आहेत. फुग्यांची परंपरा आहे. उणीव आहे ती वातावरणाच्या कडेकडे पाहणाऱ्या यंत्राची आणि ते उभारण्याच्या निश्चयाची.

यावर आक्षेप येईल की, गरीब देशाने हा खर्च का करावा? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकडेमोडीनेच दिले पाहिजे. एकट्याने सारा भार उचलावा असे कोणी म्हणत नाही. युरोप, जपान, कॅनडा यांच्याशी वाटणी करून एक यंत्र भारतीय उपग्रहावर बसविता येईल. शिवाय १९९० साली निधीची मागणी करताना भारताचे म्हणणे वजनदार ठरले ते नैतिक बळावर. यापुढच्या वाटाघाटी शीतकरणाच्या नव्या वायूंविषयी आहेत. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला त्यांचा वापर २०२८ साली गोठवावयाचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवावयाचा आहे. त्या टेबलाशी बसताना दुसऱ्याने मोजलेल्या आकड्यांवर विसंबणारा आणि स्वतःचे आकडे घेऊन येणारा, या दोघांच्या शब्दांत फरक पडतो. तलाठ्याच्या दप्तरातील नोंद पाहिल्याखेरीज शेतकरी जमिनीचा व्यवहार करीत नाही; राष्ट्राने आकाशाचा व्यवहार करताना त्याहून कमी सावध असू नये.